सीटीच्या त्रिमितीय प्रतिमेवरून दात कसा मोजावा : दात बसवण्यापासून आकडा नोंदवण्यापर्यंत

कॅलिपर हातात असेल तर दाढेची रुंदी अर्ध्या मिनिटात मोजून होते. पण त्याच दाढेच्या एनॅमलची, म्हणजे बाहेरच्या कठीण आवरणाची, जाडी, आतल्या पल्पचं, म्हणजे मऊ गाभ्याचं, आकारमान, मुळाचा बाक ही कॅलिपरच्या आवाक्याबाहेरची कामं. पूर्वी त्यासाठी दात कापावा लागे. कापलेला दात परत मिळत नाही हे एक, आणि काप जरा तिरका गेला की एनॅमल आहे त्यापेक्षा जाड दिसतं हे दुसरं. सीटीने, म्हणजे अनेक कोनांतून क्ष-किरण प्रतिमा घेऊन त्यांतून आतले काप रचणाऱ्या तंत्राने, या दोन्ही अडचणी सोडवल्या. दात शाबूत राहतो आणि काप हवा तिथे, हव्या त्या कोनात, हवा तितक्या वेळा स्क्रीनवर घेता येतो.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सीटीच्या प्रतिमेत दाताची कड आयती मिळत नाही. तिथे असतात करड्या छटांचे बारीक घन, म्हणजे व्हॉक्सेल. कड कुठे धरायची हे मोजणारा ठरवतो. सॉफ्टवेअर दशांशचिन्हापुढे चार आकडे दाखवतं, पण कड चुकीच्या जागी धरली असेल तर त्यातला दुसरा आकडासुद्धा भरवशाचा नसतो.

आधी प्रश्न, मग मशीन

काय मोजायचं आहे ते कागदावर लिहून काढा आणि त्यातली सर्वांत पातळ गोष्ट कोणती ते पाहा. मशीनची निवड तिच्यावरून होते. रुग्णालयातल्या नेहमीच्या सीटीचा व्हॉक्सेल अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. दंतवैद्यकातल्या कोन बीम सीटीचा, म्हणजे सीबीसीटीचा, साधारण ०.०७५ ते ०.४ मिमी. मायक्रो-सीटीत तो काही मायक्रॉनपर्यंत खाली येतो. १९८२ मध्ये इलियट आणि डोव्हर यांनी या सूक्ष्म पद्धतीचं पहिलं वर्णन प्रसिद्ध केलं. आज सुट्या दातांच्या मोजमापासाठी तीच सर्वमान्य आहे.

आता हिशोब करू. एनॅमल एखाद्या जागी १ मिमी जाड आहे आणि व्हॉक्सेल ०.२ मिमीचा आहे. म्हणजे सगळी जाडी मिळून पाच व्हॉक्सेल. दोन्ही बाजूंची कड अर्ध्या-अर्ध्या व्हॉक्सेलने सरकली तरी मोजमाप २० टक्क्यांनी बदललं. हाच दात १५ मायक्रॉनच्या व्हॉक्सेलने स्कॅन केला तर अर्ध्या-अर्ध्या व्हॉक्सेलच्या सरकण्याने फरक पडतो दीड टक्का. माझा स्वतःचा नियम असा, की सर्वांत पातळ भागात निदान दहा व्हॉक्सेल बसले पाहिजेत. बसत नसतील तर त्या भागाचं मोजमाप देऊ नये, मुळांची लांबी किंवा क्राऊनची, म्हणजे एनॅमलने झाकलेल्या भागाची, रुंदी यांसारख्या मोठ्या मापांवर थांबावं.

दात तयार करणं आणि बसवणं

काढलेला दात कोरडा पडू देऊ नका. डेंटिन (एनॅमलखालचा दाताचा मुख्य थर) वाळलं की आकसतं, एनॅमलला भेगा जातात आणि स्कॅनमध्ये त्या भेगा ठसठशीत दिसतात. सौम्य थायमॉलच्या द्रावणात दात ठेवण्याची पद्धत रूढ आहे. पुरातत्त्वीय किंवा संग्रहालयातला दात मुळात कोरडाच असतो, त्याला ओला करायच्या फंदात पडू नये. महत्त्वाचं हे, की तुलना करायचे सगळे दात एकाच अवस्थेत स्कॅन व्हावेत.

दातावरचा टार्टर काढून घ्या, नाहीतर तो एनॅमलला किंवा मुळाला चिकटून मापात मोजला जाईल. धातूचं फिलिंग असलेला दात शक्यतो वगळावा. अमाल्गमभोवती पडणाऱ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या नंतर कुठल्याही उपायाने पूर्ण जात नाहीत.

दात बसवायला फोम, थर्मोकोल किंवा कापूस वापरा, कारण क्ष-किरणांना हे पदार्थ जवळजवळ दिसतच नाहीत. दात घट्ट बसला पाहिजे. स्कॅन चालू असताना तो केसभर जरी सरकला तरी सगळ्या कडा दुहेरी होतात आणि तो स्कॅन वाया जातो. ओला दात उघडा ठेवला तर तासाभराच्या स्कॅनमध्ये तो वाळत जातो, म्हणून झाकणाच्या प्लास्टिक नळीत तळाशी ओलसर कापूस घालून वर दात ठेवावा. दाताचा लांब अक्ष फिरत्या बैठकीच्या अक्षाशी जवळजवळ समांतर, पण किंचित कललेला असावा. किरणशलाकेला अगदी समांतर असलेले सपाट पृष्ठभाग कोन बीम पद्धतीत पुसट होतात. त्या थोड्याशा कलण्याने हे टळतं.

स्कॅनची सेटिंग

व्हॉक्सेलचं माप येतं डिटेक्टरच्या, म्हणजे किरण टिपणाऱ्या पडद्याच्या, पिक्सेलला विशालनाने भागून. स्रोतापासून डिटेक्टर ९०० मिमीवर आणि दात १३५ मिमीवर असेल तर विशालन ६.६७ पट. डिटेक्टरचा पिक्सेल १०० मायक्रॉनचा असेल तर व्हॉक्सेल १५ मायक्रॉनचा. डिटेक्टरला २००० स्तंभ असतील तर दृश्यक्षेत्र ३० मिमी रुंद, म्हणजे एक आख्खी दाढ त्यात आरामात मावते. दात आणखी जवळ आणला तर व्हॉक्सेल लहान होईल, पण मुळाचं टोक चौकटीबाहेर जाईल.

प्रक्षेपणं, म्हणजे दात फिरवत वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या क्ष-किरण प्रतिमा, किती घ्यावीत? दाताने डिटेक्टरचे जितके स्तंभ व्यापले असतील त्यांच्या साधारण दीडपट, नेमकं सांगायचं तर १.५७ पट. दाताने हजार स्तंभ व्यापले असतील तर सोळाशेच्या आसपास. त्याहून फारच कमी घेतली तर बारीक रेषांचं जाळं उमटतं.

व्होल्टेज आणि फिल्टर हा यातला खरा कळीचा भाग. वजनाच्या हिशोबाने एनॅमलमध्ये सुमारे ९६ टक्के खनिज असतं, डेंटिनमध्ये सुमारे ७० टक्के. एनॅमल इतकं दाट असल्यामुळे क्ष-किरणांच्या शलाकेतले कमी ऊर्जेचे किरण त्याच्या बाहेरच्या थरातच शोषले जातात आणि आत पोचणारी शलाका 'कठीण' होत जाते. परिणामी बाहेरची कड आहे त्यापेक्षा उजळ, आतला भाग आहे त्यापेक्षा काळपट, आणि दोन टोकांच्या मधल्या डेंटिनमध्ये काळे पट्टे. पुढे करड्या छटेवरूनच कड ठरवायची आहे, तेव्हा ही छटा जागेनुसार बदलत असेल तर पायाच डळमळीत. यावर उपाय म्हणजे ८० ते १०० किलोव्होल्ट आणि अर्धा ते एक मिलिमीटर ॲल्युमिनियमचा फिल्टर, गरज पडली तर त्यावर तांब्याची पातळ चकती. फिल्टरमुळे किरण कमी पोचतात, स्कॅनला जास्त वेळ लागतो, तो लागू द्यावा. सॉफ्टवेअरमध्ये हा दोष नंतर दुरुस्त करायची सोय असते, पण ती जास्त ताणली की छटा उलट्या बाजूला बिघडतात.

प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला रिकाम्या चौकटीचं, दात न ठेवता, प्रतिमांकन करून पार्श्वभूमीची दुरुस्ती करून घ्या. ती केली नाही तर कापांवर एकात एक वर्तुळं उमटतात.

माणकं ठेवल्याशिवाय स्कॅन करू नका

ही पायरी बहुतेकजण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान इथेच होतं. माणकाची साधी व्यवस्था अशी : ज्ञात व्यासाचे दोन माणिक-गोल एका कार्बनच्या काडीवर ठरावीक अंतरावर बसवलेले. ते दाताच्याच सेटिंगमध्ये स्कॅन करायचे.

दोन गोलांच्या केंद्रांमधलं अंतर मोजा. गोलाची कड तुम्ही आत धरा किंवा बाहेर, केंद्र तिथेच राहतं. म्हणून हे अंतर चुकलं तर दोष थ्रेशोल्डचा, म्हणजे कड जिथे धरली त्या करड्या छटेच्या आकड्याचा, नाही, व्हॉक्सेलच्या मापाचा आहे. मग एका गोलाचा व्यास मोजा. केंद्रांचं अंतर बरोबर आणि व्यास चूक असेल, तर मोजपट्टी बरोबर आहे, कड चुकीच्या जागी धरली आहे. एकाच स्कॅनमधून दोन वेगळ्या चुका अशा सुट्या करता येतात.

व्हॉक्सेलच्या मापात १ टक्का चूक असेल तर लांबीत १ टक्का येते, आकारमानात मात्र ३ टक्के. पल्पचं किंवा एनॅमलचं घनफळ मोजणाऱ्याने हे विसरू नये. खनिजाची घनताही मोजायची असेल तर हायड्रॉक्सीॲपेटाइटचे ज्ञात घनतेचे नमुने वेगळे लागतात.

पुनर्रचना आणि फाइल

प्रक्षेपणांपासून काप तयार करण्यासाठी बहुतेक मशीन १९८४ मधल्या फेल्डकॅम्प पद्धतीवर आधारलेली गणनपद्धत वापरतात. तुमच्या हातात असतं ते भ्रमणकेंद्राची दुरुस्ती तपासणं. मधला एक काप मोठा करून एनॅमलची बाहेरची कड पाहा. ती दुहेरी किंवा पिसारल्यासारखी दिसत असेल तर केंद्र सरकलेलं आहे.

फाइल १६ बिटमध्ये ठेवा. २०००×२०००×२००० व्हॉक्सेलचा संच १६ जीबीचा होतो आणि मोह होतो तो ८ बिट करायचा. ८ बिटमध्ये छटा उरतात फक्त २५६. करायचंच असेल तर हवेपासून एनॅमलपर्यंतची सगळी श्रेणी त्यात नीट बसली आहे ना ते पाहा, आणि सर्व दातांसाठी तीच वरची-खालची मर्यादा वापरा.

साध्या टिफ मालिकेत व्हॉक्सेलचं माप बहुधा नसतं, ते स्कॅनच्या लॉग फाइलमधून घेऊन हाताने भरावं लागतं. पुढे एसटीएल, म्हणजे दाताच्या नुसत्या पृष्ठभागाची, फाइल बनवाल तेव्हा तिच्यात एककच नसतं. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दात उघडल्यावर सर्वांत आधी एक ओळखीचं माप घेऊन पाहायची सवय लावा. वरचा पटाशीचा मधला दात सुमारे ८.५ मिमी रुंद आणि एकूण २२-२३ मिमी लांब असतो. स्क्रीनवर दात ०.०२ मिमी लांब दिसला तर मिलिमीटर आणि मीटर यांची गल्लत झाली हे लगेच कळतं.

कड ठरवणं

इथे घाई करू नये. डेंटिनच्या मध्यावर, कडांपासून दूर, एक छोटा चौकोन घ्या आणि छटेची सरासरी काढा. तसंच एनॅमलमध्ये आणि तसंच बाहेरच्या हवेत. समजा हवेची सरासरी आली ४०००, डेंटिनची २२०००, एनॅमलची ३८०००. दोन पदार्थांच्या सीमेवर कड त्यांच्या सरासऱ्यांच्या बरोबर मध्ये धरायची, ही अर्ध-उंचीची पद्धत. १९९३ मध्ये स्पूर, झोनेव्हेल्ड आणि माचो यांनी हाडं आणि एनॅमल यांच्या मोजमापासाठी तिची सविस्तर मांडणी केली. तिच्यानुसार हवा आणि डेंटिन यांची सीमा १३०००, डेंटिन आणि एनॅमल यांची ३००००, हवा आणि एनॅमल यांची २१०००.

बारकाईने पाहा, तीन सीमांसाठी तीन वेगळे आकडे आले. एकच थ्रेशोल्ड लावून दात सुटा केला तर कुठली तरी एक सीमा नक्की चुकते. ३०००० हा एकच आकडा लावून एनॅमल वेगळं काढलं तर आतली सीमा बरोबर येईल, पण बाहेरून एनॅमल थोडं खरवडल्यासारखं होईल, कारण बाहेरची योग्य सीमा २१००० होती.

दुसरी गंमत त्याहून फसवी. एनॅमलच्या बाहेरच्या कडेवरचा व्हॉक्सेल अर्धा हवेत, अर्धा एनॅमलमध्ये असतो. त्याची छटा येते २१००० च्या आसपास, म्हणजे हुबेहूब डेंटिनसारखी. सॉफ्टवेअरला '१३००० ते ३०००० म्हणजे डेंटिन' असं सांगितलं की आतल्या डेंटिनबरोबरच एनॅमलच्या बाहेरून सगळीकडे डेंटिनचा एक पातळ पापुद्रा तयार होतो. त्रिमितीय चित्रात तो चटकन लक्षात येत नाही, डेंटिनचं घनफळ मात्र फुगतं. म्हणून क्रम असा ठेवा : आधी हवेपासून संपूर्ण दात वेगळा करा, मग त्या दाताच्या आतच एनॅमल आणि डेंटिनची विभागणी करा, आणि बाहेरच्या पृष्ठभागाला चिकटलेला जो 'डेंटिन' एनॅमलवर आहे तो एनॅमलमध्ये टाका. वॉटरशेड पद्धत हे काम बरंच सोपं करते, कारण ती छटेच्या आकड्याऐवजी छटा सर्वांत वेगाने कुठे बदलते ते पाहते.

कुठल्याही मातीत पुरलेल्या जुन्या दातात खनिजं झिरपलेली असू शकतात. तिथे एनॅमल आणि डेंटिनच्या छटा एकमेकींत मिसळतात, आणि मग हाताने, काप-काप करून सीमा आखण्याला पर्याय राहत नाही. सिमेंटमचं, म्हणजे मुळावरच्या पातळ थराचं, तर ताज्या दातातही डेंटिनपासून वेगळं निघणं अवघड असतं. मुळाच्या घनफळात ते धरलं आहे असं सरळ लिहावं.

पल्पसाठी एक वेगळी अडचण आहे. कोरड्या दातात पल्पची पोकळी म्हणजे हवाच, आणि मुळाच्या टोकाच्या छिद्रातून ती बाहेरच्या हवेला जोडलेली असते. 'पोकळी भरा' ही आज्ञा दिली तर सॉफ्टवेअरला पोकळी सापडतच नाही. आधी प्रत्येक मुळाच्या टोकाशी छिद्र डिजिटल पद्धतीने बंद करायचं, मग भरायचं. छिद्र नेमकं कुठे बंद केलं याचा नियम सर्व दातांना एकच हवा.

शेवटी पृष्ठभाग गुळगुळीत करण्याचा मोह आवरा. साधी गुळगुळीतकरणाची पद्धत पृष्ठभाग आतल्या बाजूला ओढते आणि दाढेची टोकं बोथट करते. टाउबिन पद्धत त्या मानाने बरी. सर्वांत बरं म्हणजे गुळगुळीत चित्र दाखवण्यासाठी ठेवावं आणि मोजमाप मूळ पृष्ठभागावर घ्यावं.

दात उभा करणं

रुंदी मोजायची म्हणजे कुठल्या दिशेने? हातात धरलेल्या दाताला डोळा दिशा देतो, स्क्रीनवरच्या दाताला ती आपण द्यावी लागते. एनॅमल संपून मूळ सुरू होतं त्या मानेच्या रेषेवर ठरावीक बिंदू घ्या आणि त्यांच्यातून जास्तीत जास्त जुळणारं प्रतल बसवा. ते आडवं धरा. मग मेसिओडिस्टल, म्हणजे दातांच्या रांगेच्या दिशेची सर्वाधिक रुंदी, आणि तिला काटकोनात गाल ते जीभ या दिशेची रुंदी. शेजारच्या दाताशी घासून झालेली सपाट झीज असेल तर मेसिओडिस्टल रुंदी मुळातच कमी झालेली असते. अशा वेळी मानेपाशी घेतलेली मापं जास्त विश्वासार्ह, कारण झीज तिथे उशिरा पोचते.

एनॅमलची जाडी

जाडी एका कापावर मोजता येते, पण तो काप डेंटिनच्या टोकांतून नेमका गेला पाहिजे. त्रिमितीत याहून चांगला मार्ग आहे : एनॅमलचं घनफळ भागिले एनॅमल-डेंटिन सीमेचं क्षेत्रफळ. समजा घनफळ २२५ घन मिमी आणि सीमेचं क्षेत्रफळ १८० चौरस मिमी. सरासरी जाडी १.२५ मिमी. लहान-मोठ्या दातांची तुलना करायची तर या सरासरीला क्राऊनमधल्या डेंटिनच्या घनफळाच्या घनमुळाने भागून १०० ने गुणतात. पल्पची पोकळी या घनफळात धरलेली असते. ते घनफळ २१६ घन मिमी असेल तर घनमूळ ६, आणि सापेक्ष जाडी २०.८. हिला एकक नसतं.

क्राऊन आणि मूळ यांच्यामध्ये काप कुठे घेतला यावर डेंटिनचं घनफळ बरंच अवलंबून असतं, कारण मानेची रेषा सपाट नसून वर-खाली लाटेसारखी जाते. दोन अभ्यासांतले आकडे शेजारी ठेवण्याआधी दोघांनी हा काप एकाच नियमाने घेतला आहे का ते तपासा. नसेल तर तुलना करू नका.

कड एक व्हॉक्सेल सरकली तर घनफळात काय होतं तेही पाहू. एनॅमलचा आतला पृष्ठभाग १८० चौरस मिमी, बाहेरचा समजा २३०. दोन्हीकडे १५ मायक्रॉन सरकलं तर ६ घन मिमीहून थोडा जास्त फरक, म्हणजे २२५ मधले पावणेतीन टक्के. दोन गटांमधला फरक तुम्हाला २ टक्के सापडला असेल, तर तो दातांचा की थ्रेशोल्डचा हे आधी सिद्ध करावं लागेल.

चूक मोजणं

काही दात पुन्हा मोजा, आणि पुन्हा म्हणजे अगदी कड ठरवण्यापासून. तयार मॉडेलवर दोन वेळा बिंदू ठेवून मिळणारी चूक फसवी लहान असते. दोन मोजमापांतल्या फरकांचे वर्ग करा, बेरीज करा, दातांच्या संख्येच्या दुपटीने भागा आणि वर्गमूळ काढा. ही डाल्बर्गची चूक, ती थेट मिलिमीटरमध्ये मिळते. दुसऱ्या व्यक्तीकडूनही तेच दात मोजून घ्यावेत. बाहेरच्या रुंदीसाठी कॅलिपरची पडताळणी फुकट उपलब्ध आहे, ती टाळायचं काहीच कारण नाही.

जिवंत माणसाचे दात

इथे नियम वेगळे. केवळ मोजमापासाठी कुणालाही किरणोत्सर्ग देऊ नये. उपचारासाठी आधीच झालेले सीबीसीटी, संमती आणि नैतिकता समितीची परवानगी घेऊन वापरावेत, आणि डायकॉम, म्हणजे वैद्यकीय प्रतिमांच्या, फाइलमधलं नाव, जन्मतारीख, क्रमांक काढून टाकावेत. चेहऱ्याचा भाग स्कॅनमध्ये असेल तर त्रिमितीय चित्रावरून माणूस ओळखू येतो, म्हणून तो भागही पुसावा.

सीबीसीटीच्या करड्या छटा नेहमीच्या सीटीच्या हाउन्सफील्ड एककांसारख्या (क्ष-किरण शोषणाच्या ठरलेल्या मोजपट्टीसारख्या) स्थिर नसतात. एका मशीनवर चाललेला थ्रेशोल्ड दुसऱ्यावर चालत नाही. मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामधली फट सुमारे ०.२ मिमीची, म्हणजे जेमतेम एका व्हॉक्सेलची. शेजारच्या दातांचे क्राऊन जिथे टेकतात तिथे तर दोघे एकच दिसतात. रुग्ण थोडा हलतोच. मुळांची लांबी, कालव्यांची संख्या, पल्पचं ढोबळ घनफळ इतकं यातून नीट मिळतं. एनॅमलची जाडी यातून देऊ नये.

नोंद

प्रत्येक दातासोबत त्याचा एफडीआय क्रमांक (दाताची जागा सांगणारा आंतरराष्ट्रीय दोन अंकी क्रमांक), बाजू, झिजेची अवस्था, ओला की कोरडा, किलोव्होल्ट, फिल्टर, प्रक्षेपणांची संख्या, व्हॉक्सेलचं माप, तीनही सीमांचे थ्रेशोल्ड, मानेचा काप घेण्याचा नियम, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि मोजणाऱ्याचं नाव लिहा. निष्कर्षाचा तक्ता सगळेच जपतात. कच्ची प्रक्षेपणं आणि विभागणी केलेला संचही जपून ठेवा, म्हणजे उद्या कुणी वेगळा थ्रेशोल्ड सुचवला तर दात पुन्हा मशीनवर चढवावा लागणार नाही.